मास्तरीणबाईंनी गोदाम मांडलं

मास्तरीणबाई आमच्या गोदामात आल्या तेव्हा त्यांचं वय सत्तेचाळीस होतं आणि त्याआधीची चोवीस वर्षं त्यांनी कापड कापण्यात घालवली होती. तयार कपड्यांच्या कारखान्यात त्या कटिंग मास्टर होत्या. तो कारखाना बंद पडला आणि त्या आमच्याकडे पॅकिंगच्या टेबलावर आल्या. आमच्याकडे म्हणजे नळ, पाइप, बेसिन, वॉशर, असला सगळा माल. शहरातली दुकानं आणि नळकाम करणारे आमच्याकडून माल नेत. मी काचेच्या केबिनमध्ये बसून मागणीच्या चिठ्ठ्या काढायचे. त्यामुळे पुढे जे झालं ते मी बसल्या जागेवरून पाहिलं, आणि काही वेळा बसलेली जागा सोडूनही.

पहिल्याच दिवशी त्यांनी खोक्यांना गुंडाळायचा खाकी कागद हातात घेतला, आडवा धरला, तिरका धरला आणि जिथे एका कागदात चार खोकी बसायची तिथे पाच बसवली. शेजारी शिडी उभा होता. शिडी म्हणजे आमच्यातला सगळ्यात उंच माणूस, रॅकवरचा माल काढायचं काम करायचा. तो म्हणाला, "ह्या तर मास्तर निघाल्या." मास्तरचं मास्तरीणबाई व्हायला डबा खायच्या सुट्टीपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही.

बाई ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, आणि बोलण्यात कातरीसारख्या. पण मनात काही ठेवायच्या नाहीत. कोणी चुकलं की तिथल्या तिथे सांगायच्या आणि पुढच्या मिनिटाला त्याच्याच डब्यात हात घालायच्या.

गोदामाची मालकीण आमच्याच वयाची. वडिलांमागे तिने धंदा हातात घेतला होता. आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो. एक दिवस ताईने सगळ्यांना टेबलापाशी बोलावलं आणि सांगितलं, की ही जागा सोडायची आहे. महिन्याभरात नव्या शेडमध्ये जायचं. शेड मोठ्या रस्त्यावर आहे, छप्पर उंच आहे, उजेड चांगला आहे. एकच गोष्ट आहे, जागा आत्ताच्यापेक्षा एक-तृतीयांशाने कमी आहे.

आमचे स्टोअरकीपर काका तेवढे बोलले. काका तिथे एकतीस वर्षं होते. "ताई, हा माल तिथे मावणार नाही," ते म्हणाले. "इथेच तो अंग चोरून बसलाय."

"शेडचं माप काय?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"एकशेवीस फूट बाय साठ."

"पन्हा साठचा," बाई कापडाची रुंदी सांगावी तशा स्वतःशीच म्हणाल्या. मग मोठ्याने म्हणाल्या, "ताई, मला चार दिवस द्या. माल बसतो की नाही ते मी सांगते."

त्यांच्या दृष्टीने तो कापडाचाच प्रश्न होता. ताका एवढा, त्यातून बाह्या, कॉलर, पाठ, पुढा काढायचा, आणि चिंधी कमीत कमी पडली पाहिजे. घरी जाऊन त्यांनी खाकी कागदावर शेड आखली, एका फुटाला अर्धा इंच. ती जेवायच्या टेबलावर मावेना, म्हणून खाली जमिनीवर पसरली. मग प्रत्येक रॅकचा कागदी तुकडा कापला आणि चार दिवस त्या तुकड्यांशी खेळत बसल्या. त्यांचे यजमान बसचे ड्रायव्हर. ते बिचारे चार दिवस भिंतीच्या कडेकडेने स्वयंपाकघरात जात होते.

पाचव्या दिवशी बाईंनी कागद आणून ताईपुढे उलगडला. सगळे रॅक बसले होते. वर कोपऱ्यात हाताएवढी जागा उरलीसुद्धा होती. ताईने तोंडात बोटं घातली. काकांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "कागदावर बसलंय खरं."

जुनी जागा अजून तीन आठवडे आमच्याच ताब्यात होती. म्हणून ताईने ठरवलं, की आधी एका खोलीचा माल नेऊन बघू. रविवारी आम्ही रॅक उभे केले, माल लावला. सोमवारी सकाळी काम सुरू झालं आणि साडेनऊला बंद पडलं.

झालं असं, की बाईंनी दोन रॅकांमध्ये दीड हाताची वाट ठेवली होती. एक ट्रॉली तिथून जात होती, अगदी सुखाने जात होती. पण समोरून दुसरी आली की दोघी नाकाला नाक लावून उभ्या. "तू मागे जा." "तू जा, माझ्याकडे बेसिन आहे." तेवढ्यात मागून तिसरी आली. शिडीला एका गल्लीच्या टोकाला वळता येईना, म्हणून तो साठ फूट उलटा चालत आला, आणि त्याची पाठ ज्याला लागली त्याच्या हातून नळांचं खोकं सुटलं. ते घरंगळलेले नळ गोळा करायला कोणाला वाकताही येईना. वाकलं की मागचा रॅक लागायचा. आम्ही सगळे इतके हसलो, की ताईसुद्धा दाराची चौकट धरून हसत राहिली. बाईही हसल्या. पण त्यांचे कान लाल झाले होते, ते मी पाहिलं.

दुपारपर्यंत माल परत जुन्या जागेत आला. कोणी बाईंना काही बोललं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

त्या संध्याकाळचं त्यांनीच मला नंतर सांगितलं. घरी जाऊन त्या कागदासमोर बसल्या. यजमान जेवत होते. त्यांनी ताटावरूनच कागदाकडे बघितलं आणि विचारलं, "गाडी वळते कुठे?"

"कुठली गाडी?"

"तुमची ट्रॉली. मला तरी इथे रस्ताच दिसत नाहीये."

"अहो, रस्ता ठेवला तर जागा वाया जाते."

यजमानांनी घास खाली ठेवला. "वाया जाते? मग बावीस वर्षं मी वाया गेलेल्या जागेवरच पोट भरतोय म्हणायचं."

बाई आधी चिडल्या. मग हसल्या. आणि मग पुन्हा कागदाकडे वळल्या. कापडात रिकामं राहिलं ते चिंधी, हे त्यांच्या हाताला चोवीस वर्षांत इतकं पक्कं झालं होतं, की दुसरं काही असू शकतं हे त्यांना सुचलंच नव्हतं. कापड जागेवर पडून राहतं आणि कातर फिरते. गोदामात माल पडून राहतो आणि माणसं फिरतात. "म्हणजे मी कापड मोजलं," त्या मला म्हणाल्या, "कातर मोजलीच नाही."

दुसऱ्या दिवशी त्या पिशवीत चार रिळं घेऊन आल्या. लाल, निळं, पिवळं, काळं. कारखाना बंद झाला तेव्हा मिळालेली मोठी रिळं. माल काढणारी माणसं चार. प्रत्येकाच्या खिशात एक रीळ घातलं, दोऱ्याचं टोक पॅकिंगच्या टेबलाच्या पायाला बांधलं आणि म्हणाल्या, "चिठ्ठी येईल तसं नेहमीसारखं काम करा. दोरा जमिनीवर पडत जाऊ दे. ट्रॉली नको, आज टोपल्या घ्या."

"बाई, आम्ही काय पतंग आहोत?" शिडीने विचारलं.

"पतंग बरे, एका जागी तरी उडतात," बाई म्हणाल्या. "जा."

दीड तास काम चाललं. मग बाईंनी सगळ्यांना थांबवलं, लोखंडी शिडी लावली आणि वर चढल्या. खालून मला नुसता गुंता दिसत होता. त्यांनी मलाही वर बोलावलं. वर गेले आणि माझं मलाच नवल वाटलं. जुनं गोदाम म्हणजे एकामागे एक तीन खोल्या, दारं एका रेषेत. पॅकिंग पहिल्या खोलीत. तिथून दोरे निघाले होते, दोन्ही दारांतून जाड वेणीसारखे पार तिसऱ्या खोलीच्या टोकाला गेले होते आणि तिथे एका लहानशा रॅकला चारही रंगांचे वेढे पडले होते. तो रॅक वॉशर, रबरी रिंगा आणि नळाला गुंडाळायच्या पांढऱ्या टेपचा. आणि पहिल्या खोलीत, टेबलाच्या अगदी शेजारी, मोठ्या टब-बेसिनच्या रांगा होत्या. तिथे एकही दोरा वळला नव्हता.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मी म्हणाले.

"कळसा तरी काखेत होता," बाई म्हणाल्या. "इथे काखेत टब आहे."

काकांनी खालून सांगितलं, की जड माल दारात ठेवायचा आणि हलका आत, असं ताईच्या वडिलांनीच ठरवलं होतं. त्या वेळी ते बरोबरच होतं. तेव्हा सगळी विक्री टबांची होती, आणि माल खांद्यावरून आणावा लागायचा. नंतर दिवस बदलले, पण वॉशरना ते कोणी सांगितलं नाही.

मग बाईंनी मला कामाला लावलं. दोन महिन्यांच्या जुन्या चिठ्ठ्या काढल्या आणि कुठली वस्तू किती वेळा मागितली गेली त्याच्या रेघा मारायला बसवलं. शंभरातल्या सत्तर चिठ्ठ्यांवर तीच दहा-बारा बारीकसारीक चिजा होत्या. आणखी एक दिसलं. काही वस्तू जोडीनेच जात. बेसिनचा नळ गेला, की त्याची नळी आणि नट मागोमाग जाणारच. "नवरा-बायको आहेत," बाई म्हणाल्या. "एकाला पूर्वेला आणि दुसरीला पश्चिमेला कशाला ठेवायचं?" पण पाइप वळवायचे सांधे, म्हणजे अर्ध्या इंचाचा एल्बो आणि पाऊण इंचाचा एल्बो, शेजारी शेजारी ठेवलेले होते, ते मात्र त्यांनी लांब केले. दिसायला जुळे. घाईत हमखास चुकीचा हातात यायचा, आणि मग दुकानदाराचा फोन घ्यायला मी होतेच.

माणसांकडेही बघितलं. शिडी दिवसातून दोनशे वेळा खालच्या फळीसाठी वाकायचा, आणि स्वतः बाईंना वरच्या फळीवरची टेप काढायला स्टूल लागायचं. "देवाने उंची दिली आणि आपण ती उलटी वापरतोय," त्या म्हणाल्या. जे सारखं लागतं ते कमरेपासून खांद्यापर्यंत. जे जड ते खाली. जे हलकं आणि क्वचित लागतं ते अगदी वर. शेडचं छप्पर उंच होतं, ती उंची आधीच्या नकाशात कोणी वापरलीच नव्हती.

तरी जागा पुरेना. वाटा चार हातांच्या केल्या आणि माल उरायला लागला. तेव्हा बाईंनी पुन्हा ती जागा आठवली जिथे एकही दोरा गेला नव्हता. पहिल्या खोलीच्या कोपऱ्यात, टबांच्याही मागे, एकशेबारा बेसिनं निघाली. चॉकलेटी रंगाची. त्यांच्यावरची धूळ इतकी जुनी होती, की ती पुसल्यावर रंग बदलला नाही.

ताई लाजली. "बाबांची आवड," ती म्हणाली. "त्यांना वाटलं होतं, हा रंग चालणार."

"अकरा वर्षं झाली, अजून चालला नाही," काका म्हणाले. "बसलाय."

ताईने दोन शाळांना विचारलं. त्यांना हात धुवायला बेसिनं हवीच होती. मुलांना चॉकलेटी रंगाबद्दल काही म्हणायचं नव्हतं, उलट त्यांना तो आवडला. कोपरा रिकामा झाला, आणि कागदावर तेवढ्याच आकाराचा तुकडा बाईंनी काढून टाकला. उरलेलं सगळं बसलं. दाराशी त्यांनी पंधरा फूट मोकळी जागा सोडली. ताईने तिथे बोट ठेवलं.

"इथे काहीच नाही?"

"ट्रकमधून उतरलेला माल श्वास घ्यायला कुठे थांबणार?" बाई म्हणाल्या. पंधरा दिवसांपूर्वी हीच बाई दीड हाताची वाट ठेवत होती.

दुसऱ्या वेळी कोणी हसलं नाही. नव्या शेडच्या जमिनीवर बाईंनी आधी खडूने सगळा नकाशा काढला आणि आम्हाला रिकाम्या ट्रॉल्या घेऊन त्यावरून फिरायला लावलं. यजमानांना सुट्टीच्या दिवशी मुद्दाम बोलावलं. त्यांनी ट्रॉली हातात धरली, दोन वळणं घेतली, तिसऱ्याला थांबले आणि म्हणाले, "इथे कोपरा एक वीत मागे घ्या. भरलेली गाडी रिकामीपेक्षा लांबून वळते." कोपरा मागे घेतला. मग रॅक आले, माल आला. प्रत्येक रांगेला अक्षर आणि प्रत्येक कप्प्याला आकडा रंगवला. माझ्या चिठ्ठीवर वस्तूच्या पुढे आता पत्ता छापला जायला लागला.

पहिल्या आठवड्यात दुपारच्या डब्याच्या आत सगळ्या चिठ्ठ्या संपल्या. शिडी म्हणाला, की त्याला आयुष्यात पहिल्यांदा कंबर कुठे आहे ते कळत नाहीये, कारण ती दुखत नाहीये.

एक माणूस मात्र बोलत नव्हता. काका.

इतकी वर्षं गोदामातल्या प्रत्येक वस्तूचा पत्ता एकच होता, 'काकांना विचार'. काका डोळे मिटायचे आणि सांगायचे, तिसरी खोली, डावीकडे, निळ्या खोक्यामागे. आता कोणी विचारत नव्हतं. सोमवारी काका आले नाहीत. कंबर धरली असा निरोप आला. मंगळवारीही आले नाहीत. काम अडलं नाही, आणि हे त्यांच्या कानावर गेलंच असणार.

बुधवारी एक नळकाम करणारा आला. त्याने रुमालाची गाठ सोडली, आत पितळेचा एक मोडका तुकडा. कुठल्यातरी जुन्या इमारतीतला. तिथल्या एका बिऱ्हाडात दोन दिवस पाणी बंद आहे, म्हणाला. आम्ही तो तुकडा उलटासुलटा केला. त्याच्यावर नाव नाही, आकडा नाही. रांगांना अक्षरं होती, कप्प्यांना आकडे होते, पण ह्याला म्हणायचं काय हेच माहीत नसेल तर शोधायचं कुठल्या कप्प्यात? ताईला कळेना, शिडीला कळेना.

मास्तरीणबाईंनी रुमालाची गाठ परत बांधली आणि थेट काकांचं घर गाठलं. मीही सोबत गेले. काका खुर्चीत ताठ बसून रेडिओ ऐकत होते. कंबर अगदी ठणठणीत दिसत होती. काकूंनी आमच्याकडे बघून डोळे मिचकावले आणि आत गेल्या.

"हे काय आहे?" बाईंनी तुकडा पुढे केला.

काकांनी हातात घेतलासुद्धा नाही. "पत्ता नाही का त्याच्यावर?"

"नाही."

"मग तुझ्या कागदाला विचार."

"कागदाला विचारलं. तो म्हणाला, काकांना विचार."

काकांनी रेडिओ बंद केला. तुकडा घेतला, अंगठ्याने फिरवला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. "हे आता कोणी बनवत नाही," ते म्हणाले. "पण हे आतलं मोडलेलं नाहीये, फक्त रिंग गेली आहे. गीझरच्या नळाला जी जाड रिंग लागते ती उलटी करून बसवायची. पाणी चालू होईल."

बाई जमिनीवरच बसल्या. "काका, मी वस्तू कुठे आहे ते लिहिलं. वस्तू काय आहे ते मला येत नाही. ते तुम्हाला येतं. आणि मी तुम्हाला न विचारता सगळं मांडलं, ते चुकलं."

काकांनी तुकडा रुमालात ठेवून गाठ बांधली. "माझं टेबल दारापाशी पाहिजे," ते म्हणाले. "खिडकीखाली. लोक मोडकं घेऊन येतात, त्यांना आत आत कशाला यायला लावायचं?"

"तिथे ट्रॉली वळते, काका."

"मग ट्रॉलीला सांग, जरा लांबून वळ."

"किती मोठं टेबल?"

"चार फूट."

"तीन."

"साडेतीन, आणि खुर्ची."

बाईंनी पिशवीतून कागद काढला, दोन रॅक बोटाने सरकवून बघितले आणि मान डोलावली. गुरुवारी साडेतीन फुटांचं टेबल खिडकीखाली लागलं. त्यासाठी रांग ब एक हात आत गेली. बाईंना ते कागदावर फार दिवस खुपत होतं, पण त्यांनी ती पुन्हा बाहेर काढली नाही. काकांच्या टेबलापुढे आता मोडके नळ घेतलेल्या माणसांची रांग लागते. काका प्रत्येकाला आधी दोन शब्द सुनावतात, मग वस्तूचं नाव सांगतात. बाई ते नाव एका वहीत लिहून घेतात. वहीची पानं काकांनी स्वतः तपासायची असा करार आहे.

मास्तरीणबाई आता पॅकिंगच्या टेबलावर नसतात. गोदामाची मांडणी त्यांच्याकडे आहे आणि ताई नवा माल मागवायच्या आधी त्यांना विचारते. म्हणजे विचारायचं ठरलं आहे. मागच्या आठवड्यात दुपारी ट्रक आला आणि त्यातून सोळा मोठे आरसे उतरले, प्रत्येक सहा फुटांचा, चारी बाजूंनी दिवे लावलेला. ताई फोनवर बोलल्यासारखं करत लांब जाऊन उभी राहिली. आरसे दाराशी ओळीने टेकवले, आणि त्यात आम्ही सगळे सोळा सोळा वेळा दिसायला लागलो. शिडीने केस सारखे केले. काकांनी खिडकीखालून विचारलं, की ह्यांना कुठलं अक्षर द्यायचं.

बाईंनी मोजायची टेप काढली, आरशाची उंची मोजली, मग जाडी मोजली. मान वर करून छपराकडे बघितलं.

"चहा होऊ दे," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत कोणी ह्यांना टेकू नका."